गावची जमीन सगळ्यांनाच पास करते

रस्त्याकडेच्या शेतात एक माणूस पालथा पडलेला दिसला आणि मिलेनाने करकचून ब्रेक दाबला.

रोसारिओ शहरातून निघून तिला दोन तास झाले होते. वेळ वाचेल म्हणून तिने मधला कच्चा रस्ता धरला होता, आणि त्या रस्त्यावर गेल्या अर्ध्या तासात चिटपाखरू दिसलं नव्हतं. दिसला तो थेट हा, असा. ट्रॅक्टर बंद, मागे लांबलचक पेरणीयंत्र, आणि त्याखालून बाहेर आलेले दोन पाय. मिलेना तारेच्या कुंपणाखालून सरपटत आत घुसली. नव्या पँटला गुडघ्यावर खोच पडली, बुटांत माती गेली. ती धापा टाकत त्याच्यापाशी पोचली, वाकली आणि...

"शू!" तो डोळे न उघडता म्हणाला. "बोलू नकोस. ऐकतोय."

त्याचा एक कान यंत्राच्या नळीला लागला होता आणि एक हात वर चाकावर होता. चाक तो हळूहळू फिरवत होता.

"काय ऐकतोयस?"

"मका. लाव कान."

मिलेना इंजिनिअर होती, एकोणतीस वर्षांची होती आणि अनोळखी माणसांनी सांगितलेलं ऐकायची तिला अजिबात सवय नव्हती. तरी ती मातीत आडवी झाली आणि नळीच्या दुसऱ्या बाजूला तिने कान टेकवला. टक्... टक्... टक्. एकेक दाणा खाली उतरत होता. नळीच्या अल्याड तिचा चेहरा, पल्याड त्याचा. त्याच्या पापण्यांवर धूळ बसली होती. हे आपण कशाला बघतोय, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात आवाज थांबला.

"तुंबली," तो म्हणाला. "ऐकलंस ना? ट्रॅक्टरवर बसलेल्याला हे कळत नाही. तो आपला गाणी ऐकत पुढे जातो. दहा दिवसांनी कोंब वर आले की बोंब... एक अख्खी ओळ मोकळी." मग त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तू धावत का आलीस? डॉक्टर आहेस?"

"इंजिनिअर. मला वाटलं तू मेलास."

"मग इंजिनिअर काय करणार होती?"

"तुला बंद करून दुसरा मागवला असता."

तो इतक्या जोरात हसला की त्याचं डोकं वर यंत्राला आपटलं.

वाचकांच्या लक्षात आलं असेल, इथे पहिल्या वाक्यापासून 'तू' चाललंय. त्या भागात अहो-जाहो फक्त पाद्रीबाबांना आणि बँकेच्या मॅनेजरला. एरवी 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला प्रेमकथेची जी चार पानं खर्ची पडतात, ती आपली वाचली.

दुसऱ्या दिवशी कोलोनिया आल्बेर्ता गावातल्या रोवेरे पेरणीयंत्रांच्या कारखान्यात तिची पहिली बैठक होती, आणि समोर तोच बसलेला. आता अंघोळ केलेला, पण नखांत माती तशीच. फाउस्तो गिओने, नव्या यंत्रांचे नमुने बनवतात त्या शेडचा प्रमुख. कामात असला की शेजारी तोफ डागली तरी याला कळत नाही, म्हणून सगळा कारखाना त्याला 'बहिऱ्या' म्हणायचा. आणि मिलेना पेइरेत्ती ही मालकिणीने सहा महिन्यांच्या करारावर खास आणलेली बाई. कारखान्यातल्या नव्या कल्पनांपैकी कोणत्या पुढे न्यायच्या आणि कोणत्या थांबवायच्या, हे तिने ठरवायचं होतं.

"माझ्या वडिलांनी कोणालाच कधी नाही म्हटलं नाही," मालकीण डोन्या एल्सिरा म्हणाली. बाई सत्तरीची, पाठ ताठ, आवाज करारी. "मलाही जमलं नाही. त्याचं फळ मागच्या शेडमध्ये आहे. जाऊन बघून ये पोरी, म्हणजे तुला का बोलावलं ते कळेल."

मिलेना बघून आली. एकेचाळीस नमुने धूळ खात उभे होते. प्रत्येकाला एक कागद लावलेला, आणि प्रत्येक कागदावर एकच शेरा: काम चालू. एका नमुन्याचा जनक देवाघरी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण काम आपलं चालूच होतं. एकेचाळीस घोंगडी भिजत पडली होती आणि एकही पिळायची कोणाची छाती नव्हती.

मिलेनाने पहिल्या महिन्यात चौदा बंद केली. प्रत्येक नमुन्याच्या माणसासोबत ती तासभर बसायची, ऐकून घ्यायची, विचारायची, आणि मग स्पष्ट सांगायची. कारखान्याने तिला 'करवत' म्हणायला सुरुवात केली. उंटावरून शेळ्या हाकायला आलीय, असंही कोणीतरी म्हणालं. शुक्रवारी तिने बेकरीतून ताजी गोड बिस्किटं आणली तर ती शिळी निघाली म्हणे. नावडतीचं मीठ अळणी. डबा मात्र पाच मिनिटांत रिकामा झाला.

फाउस्तो तेवढा रोज दुपारी चारला तिच्या टेबलाशी यायचा. एका हातात गरम पाण्याचा थर्मास, दुसऱ्या हातात येर्बा या कडू पाल्याच्या चहाचा वाळका भोपळा, त्यात ओढून प्यायची धातूची नळी. पाणी ओतून पहिला कडू घोट स्वतः घ्यायचा, पुन्हा भरायचा आणि तीच नळी तिच्याकडे वळवायचा. एका नळीतून सगळा कारखाना पितो, त्यात विशेष काही नाही, असं मिलेना स्वतःला रोज सांगायची. रोज सांगावं लागायचं, एवढंच.

"करवतबाई, आज कोणाचा गळा?"

"तुझा नंबर अजून आलेला नाही."

"मी रांगेत उभा राहायला तयार आहे. जवळून बघायला मिळतं."

"काय?"

"करवत." आणि तो गंभीर चेहऱ्याने भोपळ्यात पाणी ओतायचा.

त्याच्या यंत्राचं नाव होतं 'कान'. पहिल्या दिवशी तो ऐकत होता तेच काम करणारं. नळीच्या आत पोलादाची एक बारीक पाती. दाणा पडला की पातीवर टक्कन वाजतो, छोटी डबी ते टक् मोजते, आणि ट्रॅक्टरमध्ये त्या ओळीचा हिरवा दिवा लागून राहतो. टक् थांबलं की दिवा लाल. बाहेरून विकत मिळणारी उपकरणं धुळीने आंधळी होतात, याला धुळीचं भय नाही. चार वर्षं तो त्यावर खपत होता. दाखवताना त्याचा आवाज हळू व्हायचा, जणू आत कोणी झोपलंय. मिलेनाला 'कान' आवडला होता. बनवणारा तर फारच आवडला होता, आणि हे दोन्ही एकमेकांत मिसळतंय हे तिला कळत होतं. म्हणून ती त्या कागदाला हात लावायचं टाळत होती.

डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, डोन्या एल्सिराने दोघांना बोलावलं.

"मार्चच्या प्रदर्शनात आपलं नवं यंत्र जाणार. त्यावर एकतर फाउस्तोचा कान, नाहीतर बाहेरून आणलेलं उपकरण. बाहेरचंच घ्यायचं असेल तर नमुन्यांची शेड कशाला हवी? पोरांना जुळणीच्या कामाला लावते. मिलेना, नाताळच्या आधी मला एक शब्द पाहिजे. चालू की बंद."

बाहेर आल्यावर फाउस्तो म्हणाला, "बंद केलंस तर मी जुळणीवर बोल्ट पिळायला जायचा नाही, हे आत्ताच सांगतो. ब्राझीलमधून बोलावणं आहे मला."

तो हसत म्हणाला. तिला मात्र हसू आलं नाही.

तिने त्या आठवड्यात ग्राहकांच्या तक्रारींची खोकी उघडली. वाचता वाचता ती सरळ होऊन बसली. दहातल्या नऊ तक्रारी उत्तरेकडच्या होत्या. रोवेरेची यंत्रं गावात मोडत नव्हती, उत्तरेत मोडत होती. शनिवारी फाउस्तो तिला आपल्या ओरेस्तेमामाच्या शेतात कान दाखवायला घेऊन गेला. दिवे हिरवे, ओळी भरलेल्या, मामा खूश. मिलेनाने मूठभर माती उचलली. काळी, भुसभुशीत, एकही खडा नाही.

"चारही वर्षं इथेच तपासलास?"

"मग कुठे? कारखान्याची सगळी यंत्रं मामाकडेच तपासतात. आजोबांच्या वेळेपासून."

"फाउस्तो, ही जमीन सगळ्यांनाच पास करते. इथे झाडूच्या काडीने पेरलं तरी उगवेल."

मामाने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. फाउस्तोचाही पडला. आपला तो बाब्या, म्हणतात ना, आणि इथे तर बाब्याही आपला, अंगणही आपलंच.

"तुला तो बंदच करायचाय," फाउस्तो म्हणाला. "कारण शोधतेयस."

"मला तो चालायला हवाय, मूर्खा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मामा दोन पावलं मागे सरकला. "तुझ्यापेक्षा जास्त हवाय!"

तीन दिवस येर्बा आली नाही. चार वाजायचे, सव्वाचार वाजायचे, आणि मिलेना एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसायची. चौथ्या दिवशी तो दारात उभा राहिला. हातात भोपळा नव्हता.

"शनिवारी पहाटे निघू. सांतियागो प्रांताच्या उत्तरेला डॉन नासारेनो म्हणून एक पेरणीवाला आहे. सर्वांत वाईट जमीन त्याच्याकडे, आणि सर्वांत वाईट तोंडही. यंत्र गाडीवर चढवलंय." मग जरा थांबून, "चारच्या चहाला... मीही काही घेतलं नाही. तीन दिवस."

डॉन नासारेनो पत्र्याच्या फिरत्या घरात राहायचा, शेताच्या कडेलाच. साठीचा, पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या. त्याने रोवेरेचं यंत्र पाहिलं आणि कारखान्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला.

"आलात? या! तुमच्या मशीनने मला आजवर एकच गोष्ट दिली, पाठदुखी. आणि ही पोरगी कोण? हिला कशाला आणलंस या उन्हात? बायको आहे?"

"साहेब आहे," फाउस्तो म्हणाला.

"एकूण एकच!"

जमीन खरोखर वाईट होती. ढेकळं दगडासारखी, तोडलेल्या जंगलातल्या झाडांची खोडं मातीत रुतलेली, वर जुन्या पिकाचं वाळकं काड. मिलेना ट्रॅक्टरमध्ये नासारेनोशेजारी बसली, फाउस्तो मागून चालत निघाला. यंत्र उड्या मारत होतं, मिलेनाचे दात एकमेकांवर आपटत होते, आणि समोर सोळा हिरवे दिवे. शंभर मीटर झाले, हिरवे. तीनशे झाले, हिरवे. ती हिशेबी बाई, पण तिचं मन ट्रॅक्टरच्याही पुढे धावत सुटलं. चालतोय! कागदावर एकच शब्द लिहायचा, आणि तो ब्राझीलला जाणार नाही, रोज चारला...

तिने आनंदाने मागे वळून पाहिलं. फाउस्तो बराच मागे थांबला होता. गुडघ्यांवर. त्याने एक हात वर केला होता.

ती उतरून पळत गेली.

"ये," तो म्हणाला. "सातवी ओळ. बघ."

तिने बोटांनी माती उकरली. नख तुटलं. एक वीत, दोन वीत, पुढे आणखी पाच पावलं. दाणा नाही. नळीत काड अडकलं होतं, बी कधीचंच थांबलं होतं, आणि वर दिवा हिरवाच. यंत्र उड्या मारतं तेव्हा पाती आपली आपणच थरथरते आणि डबी त्यालाच दाणे समजते. मामाच्या मऊ जमिनीत चार वर्षांत हे एकदाही दिसलं नव्हतं.

मिलेनाने मान वर केली. त्याला ही ओळ पायाने बुजवता आली असती. दहा दिवस कोणाला पत्ता लागला नसता, आणि कागद तर उद्याच लिहायचा होता. त्याने हात वर केला. त्या उन्हात, त्या ढेकळांत गुडघे टेकलेल्या माणसावर आपलं प्रेम आहे, हे मिलेनाला स्वच्छ कळलं. आणि आपल्याला काय लिहावं लागणार, तेही.

परत निघाले आणि दुपारी आभाळ फाटलं. मातीचा रस्ता दहा मिनिटांत चिखल झाला, गाडी चाकांच्या कमरेपर्यंत रुतली. टपावर पाऊस असा कोसळत होता की बोलायला ओरडावं लागत होतं. काचा वाफेने धुरकटल्या. तिच्या ओल्या केसांतून पाणी मानेवर ओघळत होतं. त्याने मागच्या सीटवरचं जाकीट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं, आणि हात तिथेच राहिला... मग परत गेला.

"मला बंद लिहावं लागेल," ती म्हणाली.

"माहितेय."

"आणि तू जाशील."

त्याने बाहीने काच पुसली. "मिलेना, मला तुला एक..."

काचेवर धाड धाड थाप पडली. बाहेर डॉन नासारेनो, अंगावर खताचं पोतं, मागे ट्रॅक्टर, हातात फडक्यात बांधलेल्या गरमागरम तळलेल्या पोळ्या. पावसात त्या खायच्या, हा तिकडचा नेमच.

"शहरी गाढवांनो! मी म्हटलं ना थांबा? घ्या, खा. माझ्या बायकोने दिल्यात. माझं चाललं असतं तर मी दगड दिले असते."

पोळ्या खाल्ल्या. गाडी निघाली. वाक्य मात्र तिथेच अडकून राहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांपैकी फाउस्तो एक, हे मिलेनाला तेव्हा कळलं. ती स्वतःही त्यांच्यापैकीच होती.

नाताळच्या आधीच्या सोमवारी सकाळी बैठक झाली. त्याआधी दहा मिनिटं मिलेना बाथरूममध्ये रडली, तोंड धुतलं आणि आत गेली. विक्रीचा प्रमुख आधीच कानाच्या बाजूने बोलत होता: उत्तरेत आपण यंत्रं विकतो तरी किती, नव्वद टक्के लोकांना हा दोष कधी दिसणारही नाही.

डोन्या एल्सिराने हात वर करून त्याला थांबवलं. "मिलेना. एक शब्द."

"बंद," मिलेना म्हणाली. आवाज जरा फाटला. तिने पुन्हा नीट म्हटलं, "कान बंद करायचा. काही न सांगणारं यंत्र एक वेळ चालेल. रिकाम्या ओळीला भरलेली म्हणणारं नाही चालणार."

"फाउस्तो?"

"ती ओळ मीच दाखवली," तो म्हणाला. उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेला.

मिलेनाला त्याच्यामागे जायचं होतं. पण तिच्या हातात दुसरा कागद होता आणि त्यावर शेडमधल्या चौघांची पोटं होती. ती अर्धा तास भांडली. शेड मोडू नका, उत्तरेला नेऊन बसवा. वर्षातले सहा महिने तिथे, त्या जमिनीवर. तिथे टिकल्याशिवाय कारखान्याचं एकही नवं यंत्र बाजारात जायचं नाही, कानही नाही आणि बाहेरचं उपकरणही नाही. मामाच्या शेतातली परीक्षा आजपासून रद्द. डोन्या एल्सिराने मिलेनाने आणलेलं तक्रारींचं खोकं पुढे ओढलं आणि वरची चार पत्रं वाचली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "पण त्या भट्टीत जाऊन राहणार कोण?"

"ते मला माहीत नाही," मिलेना म्हणाली, आणि ते खरं होतं.

फाउस्तो शेडमध्ये एकटाच होता. जमिनीवर बसून यंत्राच्या नळ्यांमधून एकेक कान सोडवत होता. सोडवलेले शेजारी फडक्यावर नीट मांडून ठेवत होता. ती दारातच उभी राहिली आणि तिथूनच सगळं सांगितलं. शेड राहणार, उत्तरेला जाणार, माणूस ठरायचाय.

"मी जाईन," तो म्हणाला. पाना चालूच होता.

"ब्राझील?"

"त्यांना कळवलं. नाही म्हणून."

"कधी?"

"आत्ता. बैठकीतून आल्यावर." त्याने पाना खाली ठेवला. "चार वर्षं, मिलेना. जो येईल तो पाठ थोपटायचा. मामा, डोन्या एल्सिरा, पोरं... छान चाललंय, फाउस्तो. एकानेही कधी ओळ उकरली नाही. तू दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून आलीस, नख तुटेपर्यंत उकरलंस आणि मग म्हणालीस, बंद. माझं काम इतकं जीव लावून आजवर कोणी पाहिलं नव्हतं." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "तू मला आवडतेस हे मला त्या कुंपणाखालून आलीस तेव्हाच कळलं होतं. पण आज सकाळी, तो शब्द तुझ्या तोंडून येताना आवाज फाटला ना... तेव्हा मी संपलो. खुर्ची सरकवून पळालो ते त्यामुळे. सगळ्यांसमोर रडलो असतो."

"मला वाटलं मी तुला गमावलं," मिलेना म्हणाली. आता तिला रडू आवरेना. "मी आधीच रडून घेतलं होतं. दहा मिनिटं. घड्याळ लावून."

"घड्याळ लावून?"

"बैठक होती ना!"

तो हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. ग्रीस गालाला लागलं.

"तिथे दोघं लागतील," तो म्हणाला. "एक बनवणारा... एक बंद करणारी."

"हे कारखाना विचारतोय की तू?"

"कारखाना उद्या विचारेल. मी आज विचारतोय. तुझा करार फेब्रुवारीत संपतो, माहितेय मला. रोसारिओत आई आहे, घर आहे, तेही माहितेय. आणि तिथे पत्र्याचं घर असेल आणि शेजारी नासारेनो असेल."

"मी तुझी कामं बंद करत राहीन, फाउस्तो. वाईट असली तर. दर वेळी. तोंड बघून सोडायची नाही."

"नकोच सोडू." तो जरा अडखळला. "फक्त... ज्या दिवशी बंद करशील, त्या दिवशी जवळ बस. एवढंच. एकट्याने सोडवायला फार जड जातं हे."

मिलेनाने पर्स खुर्चीवर टाकली, बाह्या वर सारल्या, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि दुसरा पाना उचलला. मध्ये एकदा काम बराच वेळ थांबलं होतं, पण कारखान्याच्या कोणत्याही कागदावर त्याची नोंद नाही. मग उरलेले सात कान दोघांनी मिळून सोडवले.